नग, वजन, शेरा

शाळेच्या पुस्तकात धर्मसुधारणा म्हणजे एक नकाशा असतो. विटेनबर्गला ठिपका, शेजारी साल १५१७, आणि तिथून निघालेले बाण. एक झुरिककडे, एक डेन्मार्क-स्वीडनकडे, एक जिनिव्हावरून फ्रान्स आणि स्कॉटलंडकडे, एक खाडी ओलांडून इंग्लंडकडे. बाणांनी काय नेलं ते पुस्तक सांगतं: छापील पत्रकं, मातृभाषेतलं बायबल, प्रवचनं, वाद. बाण पोचल्यावर तिथून काय उठलं, हे बघायचं तर जमाखर्चाच्या वह्या, जप्तीच्या याद्या आणि मोडीचे हिशेब उघडावे लागतात. त्यांतले काही नग खाली मांडले आहेत. क्रम लावलेला नाही.

दार, एक. लाकडी. विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चचं. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथरने पंच्याण्णव कलमं याच्यावर ठोकली असं सांगतात. ठोकली, की नुसती पत्राने वरिष्ठांकडे धाडली, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. खिळ्याची भोकं तपासावीत तर दार जागेवर नाही. सात वर्षांच्या युद्धात, १७६० साली, तोफांच्या माऱ्यात चर्चला आग लागली, तीत ते गेलं. आज तिथे आहे ते धातूचं, १८५८ चं, अंगावर सगळी कलमं ओतलेलं.

अवशेष. त्याच चर्चमधले. सॅक्सनीच्या फ्रेडरिकला साधुसंतांच्या अस्थी जमवण्याचा नाद होता. १५०९ मध्ये त्याने संग्रहाची सचित्र यादी छापली, चित्रं लुकास क्रानाखची. नग ५,००५. १५२० पर्यंत आकडा १९,०१३ वर गेला. ख्रिस्ताच्या मुकुटातला काटा, गव्हाणीतलं गवत, मरियेचं दूध. ठरल्या दिवशी सगळ्याचं दर्शन घेऊन ठरलेलं दान टाकलं, की मेल्यानंतरच्या शुद्धिस्थानातली एकोणीस लाखांहून अधिक वर्षं माफ. हिशेब दिवसापर्यंत केलेला होता.

ल्यूथरचा जीव वाचवला, त्याला वार्टबुर्गच्या गडावर लपवून ठेवलं, तेही याच फ्रेडरिकने. संग्रह आणि संग्रहाचा वैरी, दोघांचा पोशिंदा एक. १५२५ मध्ये फ्रेडरिक गेला. सोन्याचांदीच्या करंड्या पुढे आटवल्या गेल्या.

झगा, एक. ऑगस्टिनियन साधूचा. ल्यूथरने तो ऑक्टोबर १५२४ पर्यंत वापरला. कलमं लिहिली, पोपचं फर्मान जाळलं, सम्राटासमोर उभा राहिला, ते सगळं साधूच्याच वेशात. मग एक दिवस घालायचं सोडलं. पुढच्या जूनमध्ये लग्न.

शुद्धिस्थान. वजन नाही, मोजमाप नाही. तरी यादीतला सगळ्यात महाग नग हाच. स्वर्ग आणि नरक यांच्यामध्ये, पापांची फेड होईपर्यंत थांबायची ही जागा. बहुतेक सगळ्यांचाच मुक्काम इथे पडायचा. तिथे अडकलेल्यांसाठी मागे राहिलेल्यांनी मिस्सा करवायच्या, मेणबत्त्या लावायच्या, दान द्यायचं. नव्या मताने सांगितलं, अशी जागाच नाही. जागा गेली तसे तिच्यावर पोट असलेले गेले: रोज मृतांसाठी मिस्सा करणारे पगारी धर्मगुरू, त्यांच्या जमिनी, त्यांच्या छोट्या वेद्या. इंग्लंडमध्ये १५४७ च्या कायद्याने असे दोन हजारांहून अधिक निधी सरकारजमा झाले.

आणखी एक गेलं. गावागावात मेलेल्यांच्या नावांची एक पट्टी असायची. काही पेनी भरले की आईबापांचं नाव तीत चढायचं आणि धर्मगुरू ते वर्षातून ठरल्या दिवशी मोठ्याने वाचायचा. पाच पिढ्यांमागचा गवंडीसुद्धा वर्षातून एकदा सगळ्या गावाच्या कानांवर पडायचा. वाचन बंद झालं. त्या दिवसापासून गावातले मेलेले फक्त आपापल्या घरात मेलेले राहिले.

उपास. झुरिक, मार्च १५२२. लेंटचे दिवस, मांस वर्ज्य. छापखानेवाला क्रिस्टोफ फ्रोशाउअर याच्या घरी कामाच्या घाईत मंडळींनी सॉसेजचे तुकडे खाल्ले. उल्रिक झ्विंगली तिथे हजर होता. त्याने खाल्लं नाही, पण नंतर चर्चमधून त्यांची बाजू घेतली. दोन सॉसेजवरून एका शहराचा धर्म हलला, असं थट्टेने म्हणतात. पण उपास ही वस्तूच तशी आहे. एकाने उघडपणे मोडला आणि आभाळ कोसळलं नाही, की संपला.

वाद्य, एक. झुरिकच्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमधला ऑर्गन. मूर्ती १५२४ च्या उन्हाळ्यात आधीच निघाल्या होत्या: दारं आतून बंद, धर्मगुरू, सुतार, लोहार, गवंडी आत, जवळजवळ दोन आठवडे काम. दंगा नाही, धक्काबुक्की नाही. नगरपालिकेचं काम व्हावं तसं झालं. मग भिंतींना चुना. ऑर्गन १५२७ मध्ये उतरवला. झ्विंगली स्वतः बरीच वाद्यं वाजवायचा आणि चांगली वाजवायचा, म्हणून या नोंदीपाशी थांबावंसं वाटतं. गाण्याचा कान नसलेल्याने वाद्य फोडणं वेगळं. याला नेमकं ठाऊक होतं की सूर लागला की माणूस शब्द ऐकत नाही. नवा ऑर्गन त्या चर्चमध्ये १८७६ साली आला.

घंटा. स्वीडनमध्ये दर चर्चमागे एक, १५३१. गुस्ताव वासाला गादीवर बसवताना ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांनी पैसा पुरवला होता. तो फेडायला घंटा. दालार्ना प्रांतातले शेतकरी चिडले. याच शेतकऱ्यांनी दहा वर्षांपूर्वी वासासाठी हत्यारं उचलली होती. त्यांनी घंटा द्यायचं नाकारलं, पुढाऱ्यांची मुंडकी गेली, घंटाही गेल्या. उत्तर युरोपातल्या कित्येक गावांत ल्यूथरचं मत सांगणारा उपदेशक यायच्या आधी वसुलीचा कारकून आला होता. गावाने धर्मसुधारणेची पहिली ओळख करून घेतली ती त्याच्या तराजूवरून.

क्लोद हे नाव. जिनिव्हा, ऑगस्ट १५४६. एका न्हाव्याच्या मुलाचा बाप्तिस्मा. बापाने नाव सांगितलं क्लोद. त्या मुलखात हे नाव घरोघरी होतं, कारण जवळच संत क्लोदचं मोठं तीर्थ. धर्मोपदेशकाने पाणी घातलं आणि उच्चारलं: अब्राहाम. बापाने पोर हिसकावून घेतलं. हा बाप्तिस्माच नव्हे म्हणाला. मुलगा पंधरा वर्षांचा झाला की आपलं नाव आपण ठरवेल. चर्चमध्ये गोंधळ झाला. जॉन कॅल्विनने माघार घेतली नाही. नोव्हेंबरमध्ये नगरसभेने वर्ज्य नावांची यादीच काढली. क्लोद त्यात, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांची नावं त्यात, सणावारांवरून ठेवलेली नावंही त्यात. यादीतली नावं पुढे शहराबाहेर, कॅथलिक खेड्यांत राहिली. जिनिव्हाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत अब्राहाम, इसाक, दाविद वाढत गेले.

नाताळ. जिनिव्हाने १५५० मध्ये रविवार सोडून सगळे सण काढून टाकले, त्यात हाही गेला. जॉन नॉक्सच्या स्कॉटलंडने तोच कित्ता गिरवला. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली मिळाली.

बिशप, एक. आइसलंड. होलारचा योन आरासोन. कवी, आणि बेटावर पहिला छापखाना आणणारा. डेन्मार्कच्या राजाने लादलेला नवा धर्म त्याने शेवटपर्यंत मानला नाही. पकडलं तेव्हा हिवाळा तोंडावर. कैद्यांना इतके महिने ठेवायचं कुठे आणि राखायचं कोणी हा प्रश्न पडला. कुऱ्हाड आणि माती यांना सगळ्यांत नीट सांभाळतील, असं कोणी सुचवल्याची गोष्ट तिथे अजून सांगतात. ७ नोव्हेंबर १५५०, स्काल्होल्त. त्याच्याबरोबर त्याचे दोन मुलगे. कॅथलिक बिशपला मुलगे कसे, असं विचारू नये. रोम तिथून फार लांब होतं.

एक नाव. थॉमस बेकेट, कॅंटरबरीचा संत. राजाशी भांडून मारला गेलेला धर्मगुरू, म्हणून आठव्या हेन्रीला नकोसा. १५३८ मध्ये समाधी फोडून सोनं गाड्यांवर लादलं. मग हुकूम निघाला, प्रार्थनेच्या सगळ्या पुस्तकांतून याचं नाव खोडा. पुस्तकं तपासली तर प्रत्येकाचा हात वेगळा दिसतो. कुणी चाकूने कातडं पातळ होईपर्यंत खरवडलं. कुणी कागदाचा तुकडा नुसता वर डकवला. कुणी एकच बारीक रेघ ओढली, खालचं अक्षर स्वच्छ वाचता येईल अशी.

दोन शिलिंग. खर्चाची बाजू. स्ट्रॅटफर्ड, गिल्डचं चॅपेल. भिंतींवरची चित्रं विद्रूप करण्याबद्दल मजुरी. हिशेब देणारा नगरपालिकेचा खजिनदार जॉन शेक्सपिअर, तारीख जानेवारी १५६४. एप्रिलमध्ये त्याला मुलगा झाला, विल्यम. चित्रांवर चुन्याचा हात मारलेला होता. १८०४ मध्ये दुरुस्ती करताना तो निघाला तेव्हा खालचे रंग दिसले. चुना लावणाऱ्याने हुकूम पाळला की चित्रं झाकून राखली, हे एकट्या चुन्यावरून ठरत नाही.

आता मोरबाथ. यादीतली ही बाब लांबणार आहे, कारण या गावाने वही ठेवली.

डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या माळाला लागून, तेहतीसेक घरांचं खेडं. १५२० मध्ये तिथे धर्मगुरू म्हणून क्रिस्टोफर ट्रिकी आला आणि १५७४ पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षं, तिथेच राहिला. चर्चचा जमाखर्च तो स्वतः लिहायचा आणि गावाला वाचून दाखवायचा. त्यामुळे ती वही नुसती आकड्यांची नाही. कोण भांडलं, कुणी समजूत घातली, कुणाची मेंढी मेली, सगळं तिच्यात.

मेंढ्या: चर्चचा स्वतःचा कळप होता. एकेक मेंढी एकेका घराकडे सांभाळायला. लोकर विकायची आणि त्या पैशातून संतांपुढचे दिवे तेवत ठेवायचे. एकाने मधमाश्यांची पोळी दिली होती, मेण दिव्याला व्हावं म्हणून. तरुण मुलांचा एक निधी, मुलींचा एक निधी, दोघांचे कारभारी वेगळे. मुलं बिअर गाळून गावजेवण घालायची आणि नफा चर्चला द्यायची. म्हणजे गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला आयुष्यात कधी ना कधी हिशेब द्यायला उभं राहावं लागायचं.

चांदीचा जोडा: ट्रिकीने येतानाच एक मूर्ती दिली होती, संत सिडवेलची. ही एक्सेटरची, कोयत्याने मारली गेलेली मुलगी. गावाने तिच्यावर जीव लावला. बायका आपल्या जपमाळा तिला देऊन जायच्या. एकीने लग्नाची अंगठी दिली, सिडवेलला चांदीचा जोडा करा म्हणून. जोडा झाला. १५३४ मध्ये चोर शिडी लावून चर्चमध्ये उतरला आणि चांदीचा पेला आणि तो जोडा घेऊन गेला. मुलामुलींनी आपसात वर्गणी काढून नवा पेला आणला, गावावर एक पेनी न पडू देता. ट्रिकीने हे वहीत कौतुकाने टिपून ठेवलं आहे. शिडीवरून आलेल्या चोरानंतर गावाला पेला परत आणता आला होता.

काळी वस्त्रं, एक संच: मृतांच्या मिस्सेच्या वेळी घालायची. ही ट्रिकीची हौस. त्यासाठी तो वीस वर्षं पैसा साठवत होता. आपल्या वाट्याची बारीकसारीक मिळकत तो त्यात घालायचा. १५४७ मध्ये वस्त्रं आली. त्याच वर्षी आठवा हेन्री मेला, नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर बसला आणि त्याच्या कारभाऱ्यांनी मृतांसाठीच्या मिस्सांचं मूळच उपटायला घेतलं.

पुढची पानं भराभर उलटतात. संतांपुढचे दिवे १५३८ च्या हुकुमाने आधीच विझले होते. आता मूर्ती उतरल्या, मेंढ्या विकल्या, मुलामुलींचे निधी बंद, जुनी लॅटिन पुस्तकं बाद. वर्णनं आटत जातात. जिथे पूर्वी नावं, भांडणं, मनधरण्या होत्या, तिथे नुसते आकडे. १५४९ मध्ये इंग्रजीतलं नवं प्रार्थनेचं पुस्तक सक्तीचं झालं आणि डेव्हन-कॉर्नवॉलची गावं बंडाला उठली. एक्सेटरबाहेर सेंट डेव्हिड्स डाउनला बंडखोरांचा तळ पडला. मोरबाथने पाच तरुण पाठवले. त्यांच्या वाटखर्चाचे पैसे चर्चच्या वहीत मांडलेले आहेत, इतर खर्चासारखेच, एका खाली एक.

मूर्तिभंजकांच्या बाजूचंही ऐकायला हवं. संतांच्या दिव्यांवर गावाचा पैसा जळत होता आणि दारात भिकारी उपाशी होता, हे ते सांगत, आणि ते खोटं नव्हतं. देवाचं वचन न कळणाऱ्या भाषेत पुटपुटलं जात होतं, हेही खरं. पण मोरबाथची वही वाचताना एवढं दिसतं की वाचता न येणाऱ्याला चर्चमध्ये करायला काहीतरी होतं: मेंढी राखणं, मेण वितळवणं, माळ देणं. नंतर त्याला ऐकून घेण्यापलीकडे फारसं काम उरलं नाही.

१५५३ मध्ये मेरी राणी आली, जुना धर्म परतला. तेव्हा घरोघरून वस्तू बाहेर आल्या: लपवलेली वस्त्रं, क्रुसाच्या चौथऱ्यावरच्या चित्रांचे तुकडे. ट्रिकीने त्या परत आणणाऱ्यांची वहीत तारीफ केली. पाच वर्षांनी एलिझाबेथ. पुन्हा उतरवलं. तो राहिलाच. चार राजवटी, एक धर्मगुरू, एक वही.

१५५२ ची यादी. एडवर्डच्या अंमलदारांनी देशभर प्रत्येक चर्चमध्ये जाऊन नग मोजले: पेले किती, वजन किती, घंटा किती, मखमलीचा झगा कुठल्या रंगाचा. दुसऱ्या वर्षी जप्ती. त्या काळच्या इंग्लिश खेड्यातल्या चर्चमध्ये काय काय होतं ते आज इतकं बारीक ठाऊक आहे ते या याद्यांमुळे. ज्यांच्याकडे ती वस्तू पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांनी वजन कधी केलं नव्हतं.

सफोकमधल्या लाँग मेलफर्डच्या रॉजर मार्टिनने उलटी यादी केली. एलिझाबेथच्या काळात, म्हातारपणी, चर्च पूर्वी कसं होतं ते आठवून लिहून काढलं. कुठे कोणती मूर्ती उभी असे, झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक कुठून निघे, मुलांवर वरून काय उधळत. काही वस्तू त्याने घरी नेऊन ठेवल्या होत्या. वारसांपैकी कोणी कधीतरी परत बसवील या आशेने. अंमलदाराच्या यादीत वजन आहे. मार्टिनच्या यादीत जागा आहे.

लिंकनशायर, १५६६. विचारणा: जुन्या धर्माचं सामान गेलं कुठे? गावोगावच्या कारभाऱ्यांनी खरं खरं लिहून दिलं.
वेदीचा दगड: ओढ्यावर पूल केला.
वेदीचा दगड, दुसरा: फरशीत बसवला, वर लोक चालतात.
क्रुसाचा लाकडी मचाण: विकला; घेणाऱ्याने हातमाग केला.
मिस्सेची छोटी घंटा: घोड्याच्या गळ्यात.
झगे: पलंगाचे पडदे, उशांचे अभ्रे, काही नाटकवाल्यांना.
या उत्तरांत राग नाही, शोक नाही. खेड्यात चांगलं लाकूड आणि चांगला दगड कोणी टाकून देत नाही, एवढंच.

त्याच साली, ऑगस्टमध्ये, फ्लँडर्समधल्या स्टेनवोर्डपासून मूर्ती फोडण्याची लाट उठली आणि दहा दिवसांत अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये शिरली. तिथे यादी करायला कुणाला सवड नव्हती.

पुढे उलटंही झालं. बोहेमियात १६२० च्या व्हाइट माउंटनच्या लढाईनंतर प्रॉटेस्टंटांचीच पुस्तकं शोधून जाळली गेली; चेक भाषेतलं क्रालित्से बायबल ज्याच्या घरी सापडेल त्याची धडगत नसे. पावाच्या पिठात घालून भट्टीत लपवलेल्या बायबलाच्या गोष्टी तिकडे आहेत. पॅरिसजवळच्या शारांतोंचं प्रॉटेस्टंट प्रार्थनागृह १६८५ मध्ये पाडलं, काही दिवसांत.

आणि एक साल, अँटवर्पच्या पुढचं. १५६७, गोव्यातली साष्टी. मूर्तींची बाजू घेऊन युरोपात लढणाऱ्या कॅथलिक सत्तेने इथे शेकडो देवळं पाडली, तीही मूर्तिपूजा म्हणूनच. राशोलच्या किल्लेदाराच्या हाताखाली काम झालं. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, खाडीपलीकडे गेली ती याच दशकात. देवळांच्या जमिनी पोर्तुगीज कारकुनांनी गाववार लिहून घेतल्या. कुठल्या गावात कुठलं दैवत होतं आणि त्याला कुठलं शेत लावून दिलं होतं, हे शोधणारे आज तीच कागदपत्रं उघडतात.

मुलगा, एक. विल्टशायर, इंग्लंड, जन्म सुमारे १५४९, म्हणजे मोरबाथने पाच तरुण पाठवले त्याच सुमाराचा. एलिझाबेथच्या देशात कॅथलिक राहणं कठीण होतं. तो रोमला गेला, जेझुइट झाला, ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून जहाजात बसला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. थॉमस स्टीफन्स. पुढची चाळीस वर्षं बहुतेक साष्टीत. भाषा शिकला. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं काढून घेतलेली होती, त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं; त्याने ओव्यांत क्रिस्तपुराण रचलं, सुमारे अकरा हजार ओव्या. त्याच राशोलात ते रोमी लिपीत छापलं गेलं.

आवृत्ती पहिली, १६१६: एकही प्रत ज्ञात नाही.
आवृत्ती दुसरी, १६४९: नाही.
आवृत्ती तिसरी, १६५४: नाही.
हस्तलिखित नकला, रोमी लिपीत: काही.
हस्तलिखित नक्कल, देवनागरीत: एक. विल्यम मार्सडन याच्या संग्रहातली. ठिकाण, स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजचं ग्रंथालय, लंडन.